कच्चं लिंबू होऊन बघ

या आठवड्याचं पत्र:

“काकू, मी बेळगावच्या वडगावचा. वय 29. मेकॅनिकल डिप्लोमा झाला आणि गेली सात वर्षं उद्यमबागमधल्या एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, जॉब बांधून देणारा सेटर आहे. हातात 24 हजार येतात, त्यातले 9,500 घराच्या हप्त्याला जातात. वडील यंत्रमागावर होते, आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. आई म्हणते सरकारी नोकरीची परीक्षा दे, पण माझी शाळा मराठी, कन्नड कसंबसं वाचता येतं. भावोजी म्हणतात चाकणला ये. मी कुठेच हललेलो नाही.

वर्षातले पंधरा दिवस मात्र मी वेगळाच माणूस असतो. शिवजयंतीच्या चित्ररथात आमच्या मंडळाचा हलता देखावा मी करतो. यंदा आग्र्याहून सुटका केली. पेटाऱ्याचं झाकण वर-खाली व्हायला वायपर मोटर लावली. पहिली जळाली, दुसरीचा दांडा सरकला, तिसरी मिरवणूक संपेपर्यंत चालली. रात्री दोन-दोन वाजायचे, भूक कळायची नाही. आणि मिरवणूक झाली की मशीनसमोर उभं राहायचं जिवावर येतं.

मागच्या महिन्यात कामावरच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला, ‘कामाला खेळ समजा, करिअर आपोआप घडेल.’ मला फार राग आला. हप्ता काय खेळ आहे? तुम्हीच सांगा, आता हे देखावे सोडून शहाण्यासारखं वागू, की नोकरी सोडून देखाव्यांचाच धंदा करू?”

तुझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अरे-तुरेच करते.

तुझा राग मला बरोबर वाटला. ज्याच्या खात्यातून दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पैसे कापले जातात, त्याला ‘सगळा खेळ आहे’ असं कुणी हसत सांगितलं तर तो चिडणारच. हप्ता खेळ नाही. वडिलांचे गुडघे, आईची काळजी, हेही नाही. मशीनचं दार उघडं ठेवून सेन्सरला चकवून सायकल टाइम वाचवणं तर नाहीच नाही. तसं करायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हण. बोट गेलं की ते परत येत नाही.

पण म्हणून ‘खेळ’ हा शब्द त्या व्हिडिओवाल्याच्या हवाली करू नकोस. आपल्या गल्लीत या शब्दाचा अर्थ कितीतरी बारीक होता. डबा ऐसपैस, लगोरी, विषामृत आठव. कुणावर राज्य, कोण कुणाचा भिडू, टाइमप्लीज कधी चालतो, रडीचा डाव कशाला म्हणायचं, सगळं ठरलेलं असायचं. आणि त्यात एक कच्चं लिंबू असायचं. मोठी पोरं खेळत असायची आणि कुणाची तरी पाच वर्षांची बहीण ‘मला पण घ्या’ म्हणून रडत उभी राहायची. तिला घ्यायचे, पण कच्चं लिंबू म्हणून. ती पळायची, लपायची, सगळ्यांपेक्षा जोरात ओरडायची. फक्त ती आउट झाली तर धरायचे नाहीत, तिच्यावर राज्य यायचं नाही. दोन सुट्ट्या अशा गेल्या की एके दिवशी कुणीतरी म्हणायचं, हिला आता पक्कं धरा. तोवर तिला खेळ आलेला असायचा. कुणी शिकवला, ते सांगता यायचं नाही.

पोरांनी स्वतःच शोधून काढलेली ही रीत मला शिकण्याच्या कुठल्याही मोठ्या पद्धतीपेक्षा शहाणी वाटते. नवख्याला खेळाबाहेर बसवून ‘आधी शीक, मग ये’ म्हणायचं नाही, आणि आत घेतल्यावर पहिल्या चुकीला बादही करायचं नाही.

आता तुझे ते पंधरा दिवस बघ. पहिली मोटर जळाली तेव्हा काय झालं? कुणीतरी हसलं असेल, एकजण गाडी काढून भंगारवाल्याकडे दुसरी आणायला गेला असेल. तुझ्या नावापुढे लाल शेरा पडला नाही. त्याच आठवड्यात शॉपमध्ये जॉबमधलं एक भोक 30 मायक्रॉनने मोठं गेलं असतं तर रिजेक्शनच्या वहीत नाव लागलं असतं आणि शिफ्ट संपेपर्यंत तुझं तोंड उतरलेलं असतं. हात तेच, डोकं तेच. मंडळाच्या शेडमध्ये तू कच्चं लिंबू असतोस आणि शॉपमध्ये सात वर्षांपूर्वीच पक्का धरला गेलास, एवढाच फरक आहे. म्हणून ‘देखावे की नोकरी’ हा तुझा प्रश्न मला थोडा बाजूला सरकवावासा वाटतो. तुझ्या रोजच्या कामात अशी जागा कुठे आहे, जिथे तुझे आउट मोजले जात नाहीत? माझ्या अंदाजाने कुठेच नाही. ती करावी लागेल.

हे मी पुस्तकी बोलत नाही. वयाच्या चाळिशीपर्यंत मी एका कार्यालयात खतावणीचं काम केलं. तिसऱ्या वर्षी एका नोंदीत माझी चूक झाली आणि साहेबांनी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. त्यानंतरची आठ वर्षं मी एकही नवीन गोष्ट करून पाहिली नाही. सांगितलेलं करायचं, दोनदा तपासायचं, घरी जायचं. चुका झाल्या नाहीत, पण मी आतून वाळत गेले. मला बाहेर काढलं ते शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीने. खानापूरला बदली झाली होती, शेजार कन्नड होता. तिचं पहिलीचं पुस्तक घेऊन मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसायची आणि ती मला शिकवायची. मी ‘ऊटा आयता?’ एवढं म्हटलं तरी ती टाळ्या वाजवायची आणि चुकले की लगेच दुरुस्त करायची. तिच्यापुढे चुकताना मला जराही लाज वाटली नाही. दीड वर्षात मी बाजारात कन्नडमधून भाव करू लागले आणि मग ऑफिसातसुद्धा बोलायला धजावले. भाषेपेक्षाही मोठं काही मिळालं होतं. आपण चुकलो तरी जमीन फाटत नाही, हे अंगाला कळलं होतं.

म्हणून तुझ्या कन्नडबद्दल आधी बोलते. राज्य सरकारच्या नोकरीला कन्नड लागणारच, आणि तुला ते परीक्षेचं ओझं म्हणून दिसतं. मग ते परीक्षेपासून सोडव. तुझ्या शॉपमध्ये बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडचे ऑपरेटर असतीलच. त्यातल्या एकाला सांग, चहाच्या सुट्टीत मी फक्त कन्नड बोलणार, तू फक्त मराठी बोल. दोघंही कच्चं लिंबू. तू त्याला हसशील, तो तुला हसेल, आणि कुणाचाच अपमान होणार नाही. अण्णा आणि अक्का हे शब्द आपण घरात इतकी वर्षं वापरतो, ते तिकडूनच आलेत; तू अगदी कोरा नाहीस. सरकारी नोकरीच हवी असेल तर रेल्वेच्या तांत्रिक पदांच्या संगणकीय परीक्षेला मराठी भाषा निवडता येते हेही लक्षात ठेव. जाहिरात निघाली की सगळ्यात आधी वयाची अट वाच, कारण 29 म्हणजे हातात वेळ थोडा आहे. पण केवळ आईला बरं वाटावं म्हणून अर्ज भरणार असशील, तर तिला तसं आधीच सांग.

आता मशीनकडे येते. मिहाय चिक्सेंटमिहाय नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, 2021 साली गेले. चित्रकार, गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर अशा लोकांना त्यांनी विचारलं की तुम्ही कामात इतके कसे बुडता, वेळ-भूक कशी विसरता? त्यांना आढळलं ते असं, की समोरचं आव्हान आपल्या कसबाच्या एखादं पाऊल पुढे असेल तेव्हा माणूस असा बुडतो. आव्हान फार खाली असेल तर कंटाळा येतो आणि फार वर असेल तर धास्ती बसते. तुझं पत्र यात अगदी बसतं. सात वर्षं तेच जॉब, मशीनवर तीच मापं, म्हणजे कंटाळा. कन्नडमधली परीक्षा म्हणजे धास्ती. मधल्या जागी तुला एकच गोष्ट सापडली आहे, तो पेटारा. त्याचं झाकण उघडेल की नाही हे तुला आधी माहीत नव्हतं, पण उघडू शकेल असं वाटत होतं.

तसा एक पेटारा शॉपमध्ये शोध. तू सेटर आहेस, म्हणजे रोज जॉब बांधतोस, काढतोस, पुन्हा बांधतोस. ज्या जॉबला तीनदा पलटावं लागतं असा एक निवड आणि तो दोनदाच बांधून होईल असं फिक्स्चर, म्हणजे जॉब पकडून ठेवायचा साचा, कागदावर काढ. आठवड्यातून दोन संध्याकाळी, अर्धा-पाऊण तास, बस्स. पहिली चार चित्रं चुकीची निघतील, ती फाडू नकोस, एका वहीत ठेव. त्या वहीला कुणी शेरे मारणार नाही, तिथे तुझा आउट मोजायचा नाही. पाचवं चित्र जरा बरं वाटलं की सुपरवायझरकडे जा आणि ‘मला नवीन फिक्स्चर करायचंय’ असं न म्हणता असं म्हण: “एक स्क्रॅप ब्लॉक आणि शनिवारी शिफ्टनंतरचा एक तास मिळाला तर हे करून बघू का? नाही जमलं तर सोडून देऊ.” मागणी एवढी लहान ठेव की नाही म्हणायलाही त्याला कारण शोधावं लागेल. तरीही नाही म्हणाला, तर दोन महिन्यांनी दुसरं चित्र घेऊन जा. तिसऱ्यांदाही नाहीच म्हणाला, तर ती माहितीही तुझ्या कामाची आहे. त्या शॉपमध्ये कच्च्या लिंबाला जागा नाही असा त्याचा अर्थ, आणि चाकणचा विचार करायला ते भावोजींच्या आग्रहापेक्षा जास्त खरं कारण आहे. तुझी ती वही मात्र कुठल्याही शॉपमध्ये मुलाखतीला घेऊन जाता येईल.

चाकणचंही असंच कर. तू त्याला जन्माचा निर्णय करून ठेवलं आहेस, म्हणून पाय उचलत नाही. आठ दिवसांची रजा काढ, भावोजींकडे राहा, दोन-चार शॉप बघ, तिथल्या सेटरांशी बोल, भाडं विचार, वडिलांना तिकडचे जिने झेपतील का ते बघ. लहानपणी गोट्या खेळताना सगळ्या गोट्या कुणी एका डावात लावत नसे. दोन लावायच्या, बाकीच्या खिशात. हप्ता आणि औषधं ही खिशातली गोट्यांची पिशवी, तिला हात लावायचा नाही. वर जे उरतं, मग ते आठवड्यातले दोन तास असोत नाहीतर वर्षातली आठ दिवसांची रजा, ते बेधडक लाव.

इथे एक गोष्ट बोलायला मला जड जातं, पण बोलते. आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसाला वाट बघायची सवय लागली आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून आपल्या आजोबांनी वाट बघितली, मग वडिलांनी. 2004 साली महाराष्ट्राने या सीमाभागासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला; तेव्हा तू दुसरी-तिसरीत असशील. निकाल अजून यायचा आहे. 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्य स्थापनेच्या दिवशी, निघणाऱ्या निषेधाच्या सायकल फेरीत काळी फीत लावून मीही गेले आहे, आणि त्या भावनेत काही खोटं नव्हतं. पण त्या वाट बघण्याने आमच्या पिढीच्या रोजच्या जगण्यातही घर केलं. दुकान वाढवायचं? बघू पुढे. मुलीला कुठल्या माध्यमात घालायचं? बघू पुढे. आपलं आयुष्य जणू पुढच्या तारखेला लागणार आहे, अशा थाटात आम्ही चांगली चांगली वर्षं बाजूला ठेवली. तुझ्या पत्रातलं ‘मी कुठेच हललेलो नाही’ हे वाक्य वाचून माझ्या छातीत धस्स झालं, ते म्हणून. भूमीचा निकाल न्यायालयात लागायचा तेव्हा लागेल. तुझ्या शनिवारच्या एका तासाला कुणाच्या निकालाची गरज नाही.

देखाव्यांचा धंदा करावा का? लगेच नाही, आणि याचं कारण फक्त पैशाचं नाही. 1973 साली अमेरिकेतल्या मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं, त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. काहींना काही न सांगता चित्रं झाल्यावर अचानक बक्षीस दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात बक्षिसाचं आमिष दाखवलेली मुलं बाकीच्यांपेक्षा बराच कमी वेळ चित्रं काढू लागली. आवडत्या गोष्टीला मोबदल्याची अट बांधली की आवड सुकू शकते. दरवेळी असं होतंच असं नाही. कितीतरी कारागीर आवडीवर पोट भरतात आणि त्यांची आवडही टिकते. पण तुझं काय होईल हे तुला करून बघितल्याशिवाय कळणार नाही. म्हणून येत्या गणेशोत्सवात दुसऱ्या गल्लीच्या मंडळाचा एक हलता देखावा पैसे घेऊन कर. सामान वेगळं धर आणि तुझ्या तासांची मजुरी वेगळी धर, लाजू नकोस. मग बघ, गिऱ्हाईक म्हणून आलेला अध्यक्ष “हत्तीची सोंड अजून वर पाहिजे” म्हणाला की तुला कसं वाटतं. त्यानंतरही रात्री दोन वाजता भूक विसरलास, तर पुढच्या वर्षी दोन कामं घे. आणि काहीही झालं तरी शिवजयंतीचा आपल्या मंडळाचा रथ फुकटच करत राहा. ती जागा बाजारात मांडू नकोस.

लोक काय म्हणतील, 29 व्या वर्षी हा पोरकटपणा कसला, अशी शंका तुझ्या मनात असेलच, म्हणून आपल्याच मातीतल्या एका माणसाची आठवण करून देते. कुमार गंधर्व जन्मले ते आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत, 1924 साली. रेकॉर्ड ऐकून मोठ्या गवयांची गाणी हुबेहूब म्हणणारा हा मुलगा लहानपणीच नावाजला. पुढे ऐन तारुण्यात क्षयाने गाठलं, देवासला अंथरुणावर पडून राहावं लागलं, गाणं बंद झालं. एवढं नाव झालेला गवई त्या काळात काय करत होता? माळव्यातल्या बाया-माणसांची लोकगीतं कान देऊन ऐकत होता. ज्यांच्याकडे घराणं नाही, बिदागी नाही, त्यांच्यापुढे तो पुन्हा नवखा झाला. बरा होऊन गायला बसला तेव्हा त्या धुनांमधून त्याने नवे राग उभे केले. मला त्यांच्या गाण्याइतकीच ही गोष्ट मोलाची वाटते. आधीचा नावलौकिक त्यांनी ऐकण्याच्या आड येऊ दिला नाही.

तुझ्याकडे तर असा गुरू घरातच बसला आहे. यंत्रमागावर धोटा इकडून तिकडे फेकायचं काम कॅमवर, म्हणजे फिरता फिरता दांडा ढकलणाऱ्या वाकड्या चाकावर, चालतं, हे तू डिप्लोमात शिकला असशील. तुझ्या वडिलांनी ते तीस-चाळीस वर्षं हाताने ऐकलं आहे. कॅम झिजला की मागाचा आवाज कसा बदलतो, हे त्यांना डोळे मिटून सांगता येईल. तुझ्या पेटाऱ्याचं झाकण आणि त्यांचा धोटा ही एकाच घरातली भावंडं आहेत. दुसऱ्या मोटरचा दांडा का सरकला, हे त्यांना विचारलं होतंस का? पत्रात तसं काही दिसलं नाही. पुढच्या देखाव्यात त्यांना भिडू घे. खुर्ची टाकून शेडमध्ये बसव, आणि फिक्स्चरची वहीही त्यांना दाखव. “काय करूलास रे हे?” असं ते नक्की विचारतील. तेव्हा ‘काही नाही’ म्हणून वही मिटू नकोस. पेन त्यांच्या हातात दे.

आणि मला पुन्हा लिही. पाचव्या चित्राची वाट बघते, पण त्याआधीची चुकलेली चारही पाठव.

— तुझी काकू